सापेक्षतावादी टर्ब्युलन्सचा नियम घरच्या लॅपटॉपवर कसा तपासायचा

मे महिन्यात सोलापुरात दिवसा लॅपटॉपवर मोठं गणित लावायचं नसतं. पारा ४३ अंशांवर गेला की यंत्र स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, पंखा केकाटतो आणि तासाभराचं काम तीन तासांवर जातं. म्हणून आमच्याकडे सिम्युलेशन रात्री लागतात. एका सकाळी माझा एमएस्सीचा विद्यार्थी रात्रभराच्या जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन आला आणि टेबलावर आलेख ठेवला. ऊर्जेच्या वर्णपटाची (कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा आहे त्याची) रेषा देखणी होती, उतार कोल्मोगोरोव्हच्या उणे पाच-तृतीयांशाच्या जवळपास.

"कोल्मोगोरोव्ह जुळला, मॅडम."

"चिन्ह काय आलं?"

"कशाचं चिन्ह?"

हा लेख त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे. ज्याला पायथन आणि नम्पाय बऱ्यापैकी येतं आणि विशेष सापेक्षता पदवीला शिकलेली आहे, अशा कुणालाही सापेक्षतावादी द्रायूतल्या (वाहत्या द्रव-वायूतल्या) टर्ब्युलन्सचा, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचा, एक नेमका नियम घरी तपासता येतो. त्यासाठी महासंगणक लागत नाही. संयम मात्र लागतो, आणि उताराच्या मोहात न पडण्याची सवय.

नियम कोणता आणि तो येतो कुठून

१९४१ साली आंद्रेई कोल्मोगोरोव्हने साध्या, असंपीड्य (दाबूनही घनता न बदलणाऱ्या) द्रायूसाठी एक संबंध मांडला. दोन बिंदूंमधल्या वेगातला, त्यांना जोडणाऱ्या रेषेवरचा फरक घ्या, त्याचा घन करा, सरासरी काढा. उत्तर येतं उणे चार-पंचमांश गुणिले ऊर्जेचा ऱ्हासदर गुणिले अंतर. टर्ब्युलन्समध्ये बहुतेक गोष्टी अंदाजाने किंवा मिती जुळवून मिळतात. हा संबंध मात्र समीकरणांतून थेट निघतो आणि त्यातला चार-पंचमांशही ठोकताळ्याने आलेला नाही. मोठा भोवरा फुटून लहान, लहान फुटून आणखी लहान, असा ऊर्जेचा उतरता प्रवास तिथे उणे चिन्हात दिसतो.

द्विमितीत चित्र उलटतं. रॉबर्ट क्रेचननने १९६७ मध्ये दाखवलं की सपाट प्रवाहात ऊर्जा लहान भोवऱ्यांकडून मोठ्यांकडे चढते. त्याच तिसऱ्या घाताच्या सरासरीचं चिन्ह आता अधिक होतं आणि गुणक होतो तीन-द्वितीयांश. वर्णपटाचा घातांक मात्र दोन्हीकडे उणे पाच-तृतीयांशच. म्हणजे फक्त उतार पाहणाऱ्याला ऊर्जा चढतेय की उतरतेय ते कळायला मार्गच नाही. माझा विद्यार्थी नेमका इथे अडकला होता.

आता द्रायूच सापेक्षतावादी असला तर? त्यातल्या कणांच्या हालचाली प्रकाशवेगाजवळच्या, दाब इतका की ऊर्जेच्या घनतेशी तुलना व्हावी. विश्वाच्या सुरुवातीचा तप्त रस, न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हाचं द्रव्य, जड अणुकेंद्रकांच्या टकरीत क्षणभर तयार होणारा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा ही त्याची उदाहरणं. तिथे "घनता गुणिले वेग" ही ओळखीची राशी पुरत नाही, कारण दाबालाही जडत्व असतं. इत्झाक फॉक्सॉन आणि यारोन ओझ यांनी २०१० मध्ये यातून वाट काढली. वेगाला हात न लावता त्यांनी ऊर्जा-संवेग प्रदिश (टेन्सर) घेतला. एका बिंदूवरचा संवेग आणि दुसऱ्या बिंदूवरचा ताण यांचा गुणाकार करून सरासरी काढली, तर ती अंतराच्या सम प्रमाणात येते. गुणक असतो संवेगाच्या भरण्याचा दर भागिले मितींची संख्या.

गणित चार ओळींचं आहे, वहीत एकदा करून बघाच. संवेगाच्या अक्षय्यतेचं समीकरण दोन बिंदूंवर लिहा, एकाला दुसऱ्याच्या संवेगाने गुणा, सरासरी घ्या, आणि प्रवाह सगळीकडे व सगळ्या दिशांनी सारखा आहे हे वापरा. वेग छोटा असण्याची अट कुठेच लागत नाही. मला या नियमाचं सौंदर्य तिथेच वाटतं.

आपण द्विमिती निवडायची. एक तर ती लॅपटॉपला झेपते. दुसरं म्हणजे २०१५ आणि २०१७ मध्ये वेस्टर्नाकर-श्नायडर आणि लेहनर यांनी (पहिल्या कामात ओझसोबत) नेमक्या याच द्विमितीय कॉन्फॉर्मल (स्वतःचं ठरावीक लांबीचं माप नसलेल्या) द्रायूवर आधी सिद्धांत आणि मग मोजमाप केलं आहे. त्यामुळे आपलं उत्तर कशाशी ताडायचं हे ठरलेलं आहे.

पहिली पायरी: समीकरणं मांडा आणि दाब परत मिळवा

प्रकाशवेग १ धरा. कॉन्फॉर्मल द्रायूत द्विमितीत दाब हा स्थिर स्थितीतल्या ऊर्जा-घनतेच्या निम्मा असतो, म्हणून ध्वनीचा वेग १ भागिले वर्गमूळ २, म्हणजे ०.७०७१. हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवा, पुढे तीन वेळा लागणार आहे.

संगणकाच्या स्मृतीत तीनच जाळ्या ठेवायच्या: ऊर्जा-घनता, आडवा संवेग आणि उभा संवेग. लूमवर काम करणाऱ्याला आडवा-उभा समजावून सांगावं लागत नाही. विद्यार्थ्यांनाही हीच नावं सोपी जातात. ताण काढायला दाब लागतो, आणि दाब थेट साठवलेला नसतो. सापेक्षतावादी द्रायूंच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ही सगळ्यांत डोकेदुखीची जागा. प्रत्येक चौकटीत पुनरावृत्तीने मूळ शोधत बसावं लागतं. आपल्या द्रायूत मात्र साधं वर्गसमीकरण मिळतं. ऊर्जा-घनता उ, संवेगाचं एकूण परिमाण स, दाब द म्हटलं तर

द = ( √(९उ² − ८स²) − उ ) ÷ ४

वेग म्हणजे संवेग भागिले (उ + द). आणि ताण म्हणजे दोन दिशांच्या संवेगांचा गुणाकार भागिले (उ + द), त्यात दिशा एकच असेल तर द मिळवा. आडवा-आडवा, आडवा-उभा, उभा-उभा असे तीनच ताण लागतात.

हातानेच एक उदाहरण तपासा. उ = १, स = ०.६ घ्या. मुळाखाली ९ − २.८८ = ६.१२, त्याचं वर्गमूळ २.४७३९, म्हणून दाब ०.३६८५ आणि वेग ०.४३८४. आता उलट जा: लोरेन्ट्झ गुणकाचा वर्ग १.२३८; त्याच्या तिपटीतून १ वजा करून उत्तराला दाबाने गुणलं की परत १ मिळतो. तुमच्या फंक्शनला हा आकडा येत नसेल तर पुढे जाऊ नका. स शून्य असताना दाब निम्मा येतो का हेही बघा.

दुसरी पायरी: जाळी, काळ आणि डॅम्पिंग

चौकोनाची बाजू २π घ्या आणि ती आवर्ती ठेवा. जॅकार्डच्या चादरीत नक्षी उजव्या कडेला संपते तिथे डावीकडून पुन्हा सुरू होते, तसं. उजवीकडून बाहेर गेलेला भोवरा डावीकडून आत येतो. नम्पायमध्ये जाळी सरकवण्याची सोय आहे, तिनेच काम भागतं. कडांसाठी वेगळा कोड लिहायचा नाही.

५१२ गुणिले ५१२ ची जाळी पुरते. दोन बिंदूंतलं अंतर ०.०१२२७ येतं. अवकलजासाठी चौथ्या क्रमाचा मध्यवर्ती फरक वापरा, म्हणजे १, −८, ०, ८, −१ हे गुणक भागिले बारापट अंतर. काळात पुढे जायला चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत. काळाचं पाऊल जाळीच्या अंतराच्या ०.४ पट, म्हणजे ०.००४९.

आघात-लहरींसाठी बनवलेल्या भारी पद्धती इथे मुद्दाम टाळतेय. आपला वेग ध्वनीपेक्षा बराच कमी राहणार आहे, आणि त्या पद्धती लहान भोवरे गरजेपेक्षा जास्त पुसतात.

पण मध्यवर्ती फरकाला स्वतःची झीज नसते. जाळीच्या सर्वांत बारीक पातळीवर कचरा साठतो आणि शेवटी सगळं फुटतं. त्यावर उपाय सहाव्या फरकाचा, हेच आपलं डॅम्पिंग: दोन्ही दिशांना १, −६, १५, −२०, १५, −६, १ हे गुणक लावा, बेरजेला एका छोट्या संख्येने (०.०५ ते ०.१) गुणा आणि ६४ पट जाळी-अंतराने भागा. हे पद तिन्ही जाळ्यांच्या बदलाच्या दरात अधिक चिन्हाने मिळवायचं. उणे टाकलंत तर झीज होण्याऐवजी कचरा वाढतो आणि काही पावलांतच पडद्यावर फक्त "नॅन" दिसू लागतं. गुणकांची बेरीज शून्य आहे, त्यामुळे एकूण ऊर्जा आणि संवेगाला धक्का लागत नाही.

तिसरी पायरी: ध्वनी चालवून बघा

टर्ब्युलन्स सुरू करण्याआधी एक कंटाळवाणी तपासणी करायची. चौकोनात एकच लाट मावेल अशी अगदी छोटी ध्वनिलहर सोडा आणि ८.८८६ इतका काळ जाऊ द्या. २π ला ०.७०७१ ने भागलं की तो आकडा येतो. लहर जिथून निघाली तिथेच परत यायला हवी. मग जाळी दुप्पट बारीक करा. चूक सोळाव्या हिश्शावर आली तर कोड खरोखर चौथ्या क्रमाचा. चौथ्या हिश्शावर आली तर कुठेतरी गुणक चुकलाय, आणि माझा अनुभव असा की ते उभ्या दिशेत चुकलेलं असतं, कारण आपण आडव्या दिशेचा कोड चिकटवून अर्धाच बदलतो.

ढवळणं बंद असताना एकूण ऊर्जा व संवेग यांच्या बेरजा पंधराव्या अंकाच्या आसपासच हलायला हव्यात.

चौथी पायरी: ढवळणं

ऊर्जा चढती हवी असेल तर ढवळणं बारीक पातळीवर करायचं. लाटांचा क्रमांक (चौकोनाच्या बाजूत मावणाऱ्या लाटांची संख्या) ३८ ते ४२ या पट्ट्यात यादृच्छिक कला (फेज) घेऊन एक प्रवाह-फल (स्ट्रीम फंक्शन) तयार करा. त्याचा उभ्या दिशेचा अवकलज आडव्या संवेगात मिळवा, आडव्या दिशेचा उभ्या संवेगातून वजा करा. असं केलं की ढवळण्यातून थेट ध्वनी तयार होत नाही, फक्त भोवरे होतात. चाळीसाव्या लाटेत जाळीचे जवळपास १३ बिंदू येतात, तेवढे पुरेसे आहेत.

हा धक्का रुंगे-कुट्टाच्या चार टप्प्यांच्या आत देऊ नका. पूर्ण पाऊल झाल्यावर, प्रत्येक वेळी नवीन यादृच्छिक, आणि त्याचं परिमाण काळाच्या पावलाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. हे वर्गमूळ विसरलात तर पाऊल बदलताच भरण्याचा दर बदलतो आणि दोन सिम्युलेशनची तुलनाच होऊ शकत नाही.

भरणा म्हणजे इथे नेमकं काय? संवेगाच्या वर्गाची निम्मी सरासरी किती वेगाने वाढते, तो दर. ही खरी ऊर्जा नव्हे. खरी ऊर्जा पहिल्या जाळीत आहे आणि तिचा अक्षय्यतेचा हिशेब वेगळा चालतो. मंद, असंपीड्य टोकाला दोन्हींचा संबंध जुळतो, म्हणून लोक सवयीने "ऊर्जेचा दर" म्हणतात. लिहिताना आपण तरी फरक ठेवावा.

घनता सरासरी १ असेल तर निव्वळ वाढीचा दर ०.०००१ च्या आसपास ठेवा. वेगाची वर्गमध्यमूळ सरासरी ०.१ पर्यंत जायला साधारण ११२ एकक काळ, म्हणजे २३ हजारांच्या आसपास पावलं लागतात. माख अंक होतो ०.१ भागिले ०.७०७१, म्हणजे ०.१४. जुना लॅपटॉपही हे काही तासांत करतो.

एक बारीक गोष्ट इथे सगळे चुकतात, मीही चुकले होते. तुम्ही जेवढं भरता तेवढं सगळं वर चढत नाही. त्यातला काही भाग लहान भोवऱ्यांकडे घसरतो आणि डॅम्पिंगमध्ये जिरतो. म्हणून नियमात टाकायचा दर हा भरलेला दर नसून वाढीचा मोजलेला दर. दर शंभर पावलांनी संवेग-वर्गाची निम्मी सरासरी फाईलमध्ये लिहीत जा आणि शेवटी तिचा सरळ उतार काढा. या लेखात उतार विश्वासाने काढायची ही एकच जागा.

पाचवी पायरी: थांबायचं कधी, साठवायचं किती

भोवरे मोठे होत होत चौकोनाएवढे झाले की दोन भले मोठे, उलट फिरणारे भोवरे उरतात आणि सगळा प्रवाह त्यांच्या ताब्यात जातो. मग सगळीकडे सारखेपणा राहत नाही आणि नियमाची अटच मोडते. म्हणून वर्णपटाचा उंचवटा तिसऱ्या लाटेपर्यंत पोचला की थांबा. आणखी नमुने हवेत तर त्याच सिम्युलेशनला ताणत बसू नका. वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी आठ-दहा स्वतंत्र सिम्युलेशन चालवा, वेळ तेवढाच लागतो आणि त्रुटीची पट्टी (एरर बार) खरी मिळते.

एक जाळी २ एमबी, तीन जाळ्या मिळून ६ एमबी. दोनशे नमुने साठवले तरी सव्वा जीबीच्या आत. दर हजार पावलांनी पूर्ण स्थिती डिस्कवर लिहा, आणि यादृच्छिक जनकाची अवस्थाही त्यातच ठेवा. आमच्या गल्लीत रात्री वीज गेली की बाहेरच्या लूमची खडखड एकदम थांबते आणि त्या शांततेनेच जाग येते. एकदा असाच उठून बसले, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, आणि सतरा हजार पावलं गेली. तेव्हापासून हा नियम.

सहावी पायरी: कसोटीची राशी मोजा

आता मुख्य काम. हवंय ते असं: एका बिंदूवरचा संवेग, त्यापासून ठरावीक अंतरावरचा ताण, दोघांचा गुणाकार, सगळ्या बिंदूंवर सरासरी. आडव्या घटकासाठी आडवा संवेग गुणिले आडवा-आडवा ताण, अधिक उभा संवेग गुणिले आडवा-उभा ताण. उभ्या घटकासाठी तसंच. मग हा सदिश अंतराच्या दिशेवर प्रक्षेपित करायचा आणि एकाच अंतराच्या सगळ्या दिशांची सरासरी घ्यायची.

जोड्या एकेक करून मोजू गेलात तर २ लाख ६२ हजार बिंदूंच्या जवळपास सात हजार कोटी जोड्या होतात. तसं करू नका. संवेगाच्या एफएफटीचा (जलद फूरिये रूपांतराचा) संयुग्मी गुणिले ताणाची एफएफटी, उलटी एफएफटी, आणि बिंदूंच्या संख्येने भागणं. सगळ्या अंतरांचं उत्तर सेकंदाच्या आत मिळतं.

पण एफएफटीआधी ताणातून त्याची सरासरी वजा करा. का ते आकड्यांतच बघा. सरासरी दाब ०.५ आणि संवेग साधारण ०.१५, गुणाकार ०.०७५. आपण शोधतोय ती राशी ०.५ अंतरावर ०.००००२५ आहे. तीन हजारपट मोठ्या गोंगाटातून ती वेचायची आहे. गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्यांच्या भोंग्यांमध्ये शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखं. सरासरी काढून टाकली की निम्मे भोंगे बंद होतात. उरलेले फक्त नमुने वाढवून शांत होतात, कारण ही विषम घाताची राशी आहे आणि तिच्यात अधिक-उणे एकमेकांना खात राहतात. एका चित्रावरून काढलेला आलेख कुणालाही दाखवू नका.

अपेक्षित उत्तर, चढत्या प्रवासासाठी:

कसोटीची राशी = − (वाढीचा दर × अंतर) ÷ २

उणे चिन्ह पाहून गोंधळ होईल, कारण वर सांगितलं की द्विमितीत तिसऱ्या घाताची सरासरी अधिक येते. दोन्ही बरोबर आहेत. वेगांच्या एकूण फरकाचा वर्ग गुणिले रेषेवरचा फरक, अशी सरासरी मंद, असंपीड्य टोकाला उलगडली की ती या राशीच्या उणे चौपट निघते. शिवाय अंतर कुठून कुठे मोजलं, संवेगाच्या बिंदूपासून ताणाच्या बिंदूकडे की उलट, यावर चिन्ह ठरतं. आणि काही लेखांत प्रदिशाचे निर्देशांक खाली लिहिलेले असतात, तिथे काळाच्या निर्देशांकामुळे आणखी एकदा चिन्ह उलटू शकतं. माझा सल्ला: वहीच्या पहिल्या पानावर एक बाण काढा, त्याच्या शेपटीला "संवेग" आणि टोकाला "ताण" लिहा.

विद्यार्थ्याचं काय झालं होतं? त्याने ही राशी काढलीच नव्हती. काढली तेव्हा ती अधिक आली. "उलटं येतंय की, मॅडम." दोन दिवस कोड शोधला. शेवटी सापडलं: एफएफटीचा संयुग्मी त्याने संवेगाऐवजी ताणावर लावला होता, म्हणजे बाण उलटा. वर्णपटाला या चुकीचा पत्ताही लागला नसता.

सातवी पायरी: स्वतःच्या मोजमापावर संशय घ्या

मोजणारा कोड खरंच मोजतोय का हे बघायची एक झकास युक्ती आहे. तुमच्या शेवटच्या चित्रातल्या संवेगाच्या एफएफटीतल्या कला यादृच्छिक करा, परिमाणं तशीच ठेवा. ऊर्जा-घनता सगळीकडे सारखी धरून ताण नव्याने काढा आणि कसोटीची राशी मोजा. वर्णपट तंतोतंत पूर्वीचाच, उतारही तोच. राशी मात्र शून्य यायला हवी, त्रुटीच्या पट्टीच्या आत. भोवऱ्यांच्या परस्परसंबंधात जो चढण्याचा प्रवास होता तो कला विस्कटताच गेला. शून्य आलं नाही तर दोष मोजणीत आहे, द्रायूत नाही.

हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर केला की उताराचं भूत उतरतं. त्यासाठी तरी करा.

आठवी पायरी: आलेख काढा, पण लॉग-लॉग नको

कसोटीच्या राशीला अंतराने भागा आणि अंतराविरुद्ध साधा आलेख काढा. ढवळण्याच्या लाटेची लांबी ०.१५७, अर्धा चौकोन ३.१४. दोन्ही टोकं सोडली तर साधारण ०.३ ते १ या पट्ट्यात आलेख सपाट दिसला पाहिजे, आणि त्याची उंची −०.००००५ च्या जवळ, म्हणजे तुमच्या मोजलेल्या वाढीच्या दराच्या उणे निम्मी. इथे एकही गुणक जुळवून घ्यायला मोकळा नाही. चिन्ह, उंची आणि सपाटपणा, तिन्ही एकदम जुळावे लागतात.

याउलट वर्णपटाकडे पाहा. आपल्या पट्ट्याची रुंदी अर्धं दशक. एवढ्यात उणे पाच-तृतीयांश आणि उणे दोन या दोन उतारांमध्ये फरक पडतो तो फक्त १.४७ पटीचा. जाड पेनाने रेघ ओढली तर दोन्ही बसतात. आणि हा वाद काल्पनिक नाही. २०१७ च्या मोजमापात चढत्या पट्ट्यातला वर्णपट उणे पाच-तृतीयांश नव्हे, उणे दोनकडे झुकलेला निघाला, आणि त्याचं कारण संपीडन असेलच असं नाही हेही दिसलं; साध्या असंपीड्य द्रायूतही तसंच आढळलेलं आहे. त्याच सिम्युलेशनमध्ये ताण-संवेगाचा नियम मात्र उत्तम जुळला.

नववी पायरी: सापेक्षतेचा भाग खरंच लागतो का?

हा प्रश्न मला कुणी विचारला की बरं वाटतं. वेग ०.१ असताना लोरेन्ट्झ गुणक १.००५. मग न्यूटनचंच गणित का नको?

करून बघा. त्याच साठवलेल्या चित्रांवर प्रदिशाऐवजी फक्त वेग घेऊन जुनी, असंपीड्य द्रायूची राशी मोजा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. मग ढवळणं वाढवून माख अंक ०.१४ वरून ०.१९ वर न्या, म्हणजे वेग ०.१३४ च्या आसपास. प्रकाशित मोजमापात नेमक्या या टप्प्यात जुना संबंध क्रमाने बिघडत गेला आणि प्रदिशाचा टिकून राहिला. गुणक १ च्या इतका जवळ असूनही हा फरक पडतो, कारण या द्रायूत दाब नगण्य नाही. जडत्वात त्याचा वाटा आहे, आणि घनतेतले चढ-उतार संवेगात मिसळतात.

त्रिमितीत आणखी वरच्या वेगांवर काम झालेलं आहे. २०१३ मध्ये राडिचे आणि रेझोला यांनी प्रारणाचा दाब वरचढ असलेल्या द्रायूत वेगाचा वर्णपट उणे पाच-तृतीयांशाजवळच राहतो असं दाखवलं, पण अधूनमधून उसळणाऱ्या तीव्र घटनांचं प्रमाण सापेक्षतेमुळे वाढतं हेही. ते लॅपटॉपचं काम नाही.

उतरत्या पट्ट्याबद्दल थोडं

ढवळणं चौथ्या-पाचव्या लाटेवर नेलं तर भोवरेपणाच्या (प्रवाह जागोजागी किती गरगरतो त्या मापाच्या) वर्गाचा उतरता प्रवास मिळतो, आणि कसोटीची राशी अंतराच्या घनाप्रमाणे वाढायला हवी. सुरुवात इथून करू नका. घन म्हटल्यावर लहान अंतरांवर राशी इतकी बारीक होते की डॅम्पिंगचा परिणाम तिला सहज गिळतो. प्रकाशित कामातही या पट्ट्यात नियम चढत्या पट्ट्याइतका चांगला जुळलेला नाही. १०२४ ची जाळी, खालच्या दोन लाटांवर हलकं घर्षण, आणि पाचपट नमुने एवढी तयारी असेल तरच हात घाला.

हे सगळं कशासाठी

सोलापूरकराला खळबळत्या हवेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने मेघबीजनाचे (कृत्रिम पावसाचे) प्रयोग इथूनच केले, आणि ढगातले थेंब एकमेकांवर किती लवकर आदळतात यात टर्ब्युलन्सचा हात असतो. ते न्यूटनच्या जगातलं.

आपल्या द्विमितीय द्रायूची गंमत वेगळीच आहे. २००८ मध्ये भट्टाचार्य, हुबेनी, मिनवाला आणि रंगमणी यांनी दाखवलं की कॉन्फॉर्मल द्रायूची समीकरणं एक मिती जास्त असलेल्या, ऋण वक्रतेच्या अवकाशातल्या कृष्णविवराच्या समीकरणांतूनच निघतात. यातले शिराझ मिनवाला मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे). म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर फिरणारे भोवरे हे एका कृष्णविवराच्या क्षितिजावरच्या सुरकुत्याही आहेत. पुढे ॲडम्स, चेस्लर आणि लिऊ यांनी त्या खळबळत्या क्षितिजाची भग्नमितीही (फ्रॅक्टल डायमेन्शन) काढली, पण त्यासाठी कोल्मोगोरोव्हचा उतार गृहीत धरला. उतार उणे दोन निघाला तर तो आकडा बदलतो. म्हणून आठव्या पायरीतला १.४७ पटीचा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही.

माझ्या विद्यार्थ्याचा शेवटचा आलेख दहा बीजांचा होता. सपाट पट्टा ०.३५ ते ०.९ एवढाच, उंची अपेक्षेपेक्षा सहा टक्के कमी, चिन्ह उणे. सहा टक्के कुठे गेले ते शोधायला त्याने डॅम्पिंगचा गुणक निम्मा करून रात्री पुन्हा सिम्युलेशन लावलं, आणि यावेळी लॅपटॉपखाली ओला पंचा नाही, दोन विटा ठेवल्या.